एकशे बारा नंबरचं दार

१

गणिताच्या बाई दुपारच्या झोपेतच गेल्या, असं आरोग्यधामातल्या सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं. वय झालं होतं, हृदय कुरकुरत होतं, आणि झोपेत जाणं म्हणजे नशीबच, असं म्हणत जो तो डोळे पुसत होता. तिथल्या डॉक्टरांनीही नाडी बघून मान हलवली. आता पुढच्या तयारीला लागायचं एवढंच उरलं होतं. आडवी आली ती सून.

"या उशीला कोणी हात लावायचा नाही," ती पलंगाशी उभी राहून म्हणाली. "आई उशी घेत नव्हत्या. मानेच्या दुखण्यापायी त्यांनी कित्येक वर्षांत उशीला डोकं टेकलं नव्हतं. ही उशी कपाटात वरच्या फळीवर असते. ती त्यांच्या डोक्याखाली कशी आली? मी पोलिसांना बोलावलंय."

आरोग्यधामाचे मॅनेजर कपाळाला हात लावून बसले. पोलिसांतर्फे आले ते फौजदार. देह सुटलेला, आवाज दणदणीत आणि मन लोण्याचं, असा हा गृहस्थ. सुनेची समजूत घालून परत जायचं, अशा तयारीने ते आले होते. पण ती हटेना, म्हणून त्यांनी रीतसर सगळं केलं. खोलीची दोन कार्डं होती. एक बाईंच्या गळ्यातल्या दोरीला, दुसरं सुनेच्या पर्समध्ये. फौजदारांनी दोन्ही कार्डं लखोट्यात घालून सील केली आणि देह तपासणीला पाठवला. हे सगळं निव्वळ तिच्या समाधानासाठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासणीचा निकाल हातात पडला आणि फौजदार धपकन खुर्चीत बसले. उशी तोंडावर दाबून बाईंना मारलं होतं.

आणि हा धक्का पचायच्या आत दुसरा बसला. खोलीचं दार मिटलं की आपोआप कुलूपबंद होई. खिडकीला गज होते. दार फक्त त्या खोलीच्या कार्डाने उघडे. मॅनेजरकडे सगळी दारं उघडणारं एक कार्ड होतं खरं, पण ते वापरलं की कॉम्प्युटरमध्ये तशी वेगळी नोंद पडे, आणि त्या दिवशी अशी एकही नोंद नव्हती. बाई जेवून खोलीत परतल्यापासून सून त्यांना बघायला येईपर्यंत नोंद होती ती एवढीच: दुपारी दोनच्या सुमारास बंगला एक, खोली बारा, त्या खोलीच्याच कार्डाने उघडली.

एक कार्ड मेलेल्या बाईच्या गळ्यात. दुसरं सुनेच्या पर्समध्ये. जिने पोलिसांना बोलावलं तिच्याच गळ्याभोवती फास आवळला गेला होता.

२

"मग पकडलंस का तिला?" ताईने विचारलं.

फौजदारांची ही थोरली बहीण कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवायची. भावाला फौजदार होऊन जमाना झाला तरी तिच्या लेखी तो बाळ्याच होता, आणि रोजच्यासारखी आजही ती त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवून बसली होती.

"उद्या संध्याकाळी पकडावीच लागेल. वरून फोनवर फोन येतायत. सासू-सून म्हटल्यावर लोकांना पुरावा तरी कशाला लागतो? नवरा बोटीवर, समुद्रात कुठेतरी. ही घरी शिवणकाम करते. दोन वाजता कुठे होतीस म्हटलं, तर म्हणे दोऱ्याची रिळं आणायला गेले होते. दुकानदाराला आठवत नाही."

"तिने मारलं असतं तर ती उशी-उशी करत बोंब मारत बसली असती का रे? गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता."

"अगं, मलाही तेच खातंय. पण कार्डाचं काय करू? आणि ऐक, त्याच दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळीही ती खोली उघडल्याची नोंद आहे. तेव्हा बाई सगळ्यांबरोबर जेवणघरात होत्या, कार्ड गळ्यात होतं. म्हणजे सून सकाळीही चोरून येऊन गेली."

"गेटवरच्या माणसाने तिला पाहिलं?"

"नाही."

"आणि दुपारी?"

"दुपारीही नाही. पण गेटवरच्या माणसाचं काय, तो जागा असला तर बघणार ना!"

ताईने भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "दोनदा आली, दोनदा गेली, आणि कुणाच्या नजरेला पडली नाही. शिवणकाम करणारी बाई आहे की भूत? ही कुलपं केलीत कुणी?"

फौजदारांनी प्रोग्राम लिहिणाऱ्याचं नाव सांगितलं आणि ताईचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हा तर माझा विद्यार्थी! वर्गात आम्ही त्याला झटपट म्हणायचो. इतर पोरं प्रश्न वाचेपर्यंत याचं उत्तर तयार. फार हुशार पोरगा. उद्या मी येते तुझ्याबरोबर. तो असेल तर अर्धं काम झालं म्हणून समज."

फौजदारांनी सुटकेचा श्वास टाकला. ताई आली की निदान जबाबदारी अर्धी होते, हा त्यांचा लहानपणापासूनचा अनुभव होता.

३

आरोग्यधामात एकसारखे अकरा बंगले होते. तीच वीट, तोच व्हरांडा, आणि प्रत्येकात ओळीने बारा खोल्या. दहा बंगले जुने होते. अकरावा याच वर्षी बांधला आणि मागे जागा नव्हती म्हणून गेटजवळ, पहिल्या बंगल्याला खेटून उभा केला. त्यात नुकतेच दोघे राहायला आले होते. पहिल्या खोलीत एक निवृत्त पोस्टमास्तर, दुसऱ्या खोलीत खुद्द झटपट. नव्या बंगल्याची कुलपं बसवायची म्हणून मॅनेजरांनी त्याची तिथेच सोय केली होती.

झटपट धावतच आला आणि ताईच्या पाया पडला. "मॅडम, तुम्ही? या प्रकरणात?"

"हा फौजदार माझा धाकटा भाऊ. त्याला समजेल असं सांग. म्हणजे अगदी सोपं करून सांग."

फौजदारांनी डोळे वटारले, पण झटपट हसला नाही. त्याचे डोळे ओढलेले दिसत होते. गणिताच्या बाईंनी स्वतःच्या आजारपणातही त्याला दोनदा बोलावून लाडू-बिडू नव्हे, चक्क गणितं सोडवायला घातली होती, असं तो सांगत होता. ते ऐकून फौजदारांना त्याची दया आली.

"प्रत्येक दाराला एक मजकूर दिलेला असतो," तो म्हणाला. "आकडा नव्हे, मजकूर. बंगल्याचा नंबर, मग आडवी रेघ, मग खोलीचा नंबर. तोच मजकूर कार्डात लिहिलेला असतो. दोन्ही अक्षर न अक्षर जुळले की दार उघडतं. एका खोलीचं कार्ड दुसरीला लागूच शकत नाही."

त्याने लॅपटॉप पुढे केला. ताईने चष्मा सारखा करून ओळी वाचल्या. बंगला, रेघ, खोली. स्वच्छ काम होतं.

"पण नोंदीत तर नुसतं ११२ आहे. रेघ कुठाय?"

"ती दाखवताना काढतो, मॅडम. दारावरच्या छोट्या पडद्याला चारच घरं आहेत. दहाव्या बंगल्याची बारावी खोली रेघेसकट लिहिली तर पाच होतात, मावत नाहीत. पडदा कार्ड धरलं की तेवढ्यापुरता उजळतो, म्हणून दिसायला छोटं केलंय. आतला मजकूर पूर्ण आहे."

"छान," ताई म्हणाली. ताईने छान म्हटलं म्हणजे सुनेची शेवटची आशा गेली.

"त्या दुपारी तुम्ही कुठे होता?" त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं.

"जेवणानंतर चारपर्यंत कोठीघराचं कुलूप बसवत होतो. स्वयंपाकी ये-जा करत होता."

मॅनेजरांनी मान डोलावली. "दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळाची मंडळी कुलपं बघायला येणार होती ना, म्हणून सगळी घाई. या प्रकारामुळे त्यांना पुढची तारीख दिली. पोराचं केवढं नुकसान!"

४

बाहेर पडताना पहिल्या बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांना एका म्हातारीने अडवलं. एवढीशी चण आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून तिला सगळे चिमणीआजी म्हणत. ती अकराव्या खोलीत, म्हणजे गणिताच्या बाईंच्या शेजारी राहायची.

"फौजदार, तुम्ही सुनेला सोडा आणि आधी माझी तक्रार लिहून घ्या. माझ्या खोलीत पुरुष येतो!"

मॅनेजरांनी फौजदारांच्या कानाशी लागून सांगितलं, "महिनाभर हेच चाललंय. वयामुळे थोडं इकडचं तिकडे होतं."

फौजदार पुढे निघाले. ताई मात्र थबकली आणि सरळ आजींच्या शेजारी बाकावर बसली.

"कोण पुरुष, आजी?"

"कोण म्हणजे? तो पोस्टमास्तर! दार उघडून आत आला, चपला काढल्या, टोपी खुंटीला अडकवली आणि माझ्या पलंगावर बसला, मी पलंगावर असताना! मी किंचाळले. तर तो मेला माझ्याहून मोठ्याने किंचाळला."

"दार तुम्ही उघडं टाकलं असेल," मॅनेजर म्हणाले.

"दार मिटलं की आपोआप लागतं असं तुम्हीच सांगता ना? मग उघडं कसं टाकू? कार्ड धरल्यावर टुंग वाजतं तसं वाजलं, माझ्या या कानांनी ऐकलं. गणिताच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या नाही हसल्या. त्या म्हणाल्या—"

"आजी, पुरे आता. साहेबांना कामं आहेत."

"असू देत कामं! एवढंच सांगते, त्या झटपट पोराने बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मला नवं कार्ड करून दिलं. तेव्हापासून कोणी येत नाही. गुणी पोरगा. माझ्यावर विश्वास ठेवणारा तेवढा एकच."

ताई उठली ती थेट पोस्टमास्तरांकडे गेली. पोस्टमास्तर कानापर्यंत लाल झाले.

"कुणाला सांगू नका," ते गयावया करत म्हणाले. "डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय माझ्या. दोन्ही बंगले सारखे, त्यातून चुकून पहिल्यात शिरलो. दारावरचा रंगवलेला नंबर मला दिसत नाही. पडद्यावरचे आकडे मोठे असतात, ते तेवढे दिसतात. कार्ड धरलं, १११ आलं, टुंग वाजलं, दार उघडलं. माझंच दार समजलो. कोण नाही समजणार?"

व्हरांड्यात येताच ताईने भावाचा दंड धरला.

"बाळ्या, बंगला अकरा, खोली एक. रेघ काढून टाकून एकापुढे एक ठेव. काय होतं?"

"एकशे अकरा."

"आता बंगला एक, खोली अकरा."

फौजदारांनी मनात मांडलं आणि त्यांचा आ वासला. "अगं, तेही एकशे अकराच!"

"कॉम्प्युटरला दोन मजकूर जोडायला सांगितले की तो एकाला दुसरा चिकटवतो आणि मोकळा होतो. जोड कुठे होता हे त्याला नंतर सांगता येत नाही. मध्ये रेघ हवी ती एवढ्यासाठीच. दहा बंगले होते तोवर अशी जोडी होतच नव्हती, मी आत्ता मांडून पाहिलं. अकरावा आला आणि दोन जोड्या झाल्या. एक आजी आणि पोस्टमास्तरांची. दुसरी सांग."

"बंगला एक, खोली बारा," फौजदार म्हणाले. "आणि बंगला अकरा..."

"खोली दोन."

दोघांचीही नजर अकराव्या बंगल्याच्या दुसऱ्या दाराकडे गेली. त्या दाराबाहेर झटपटचे बूट होते.

५

"पण त्याने दाखवलेल्या ओळीत रेघ आहे," फौजदार म्हणाले. "तू स्वतः छान म्हणालीस."

"ओळ आज आहे. परवा होती का, ते दार सांगेल. नसेल, तर नाश्त्याच्या वेळची ती ११२ ची नोंदसुद्धा तो स्वतःच्याच खोलीत शिरल्याची."

नव्या बंगल्यातल्या खोल्यांची दुसरी कार्डं अजून मॅनेजरांच्या खणातच होती. ताईने अकरा-दोनचं मागून घेतलं. झटपटला कळवू नका, एवढंच सांगितलं. गणिताच्या बाईंच्या दाराशी तिघे उभे राहिले. आपल्या आवडत्या विद्यार्थ्याविरुद्ध आपणच कार्ड धरतोय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तिने कार्ड धरलं. पडदा उजळला. लाल.

पुन्हा धरलं. लाल. दार ढिम्म हललं नाही.

मॅनेजरांनी मोठा सुस्कारा सोडला. तर्क किती सुरेख जमला होता, आणि एका लाल दिव्याने त्याचं मातेरं केलं होतं. संध्याकाळ जवळ आली होती. सुनेला न्यायला गाडी येणार होती.

"चल ताई," ते म्हणाले. "तू केलंस तेवढं केलंस."

ताई दाराकडेच बघत होती. "तुझा लखोटा आहे ना बरोबर? सुनेचं कार्ड काढ."

"ते कशाला? ते तर याच दाराचं आहे."

"म्हणूनच."

फौजदारांनी मॅनेजरांसमोर सील फोडलं, कार्ड काढलं आणि चिडूनच दाराला लावलं. ज्या कार्डाच्या जिवावर एका बाईला खुनी ठरवायचं होतं, ते कार्ड.

लाल.

फौजदार कार्डाकडे बघत राहिले. ते उलटं करून लावलं. लाल. मग बाईंच्या गळ्यातलं कार्ड काढलं. तेही लाल. मॅनेजर मटकन व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"हे कसं शक्य आहे?" फौजदारांनी विचारलं. "स्वतःच्याच कार्डांनी उघडत नाही? अगं, गेले दोन दिवस ही माझ्या तिजोरीत होती!"

"तेच तर. कार्डं बदललेली नाहीत, त्यांना कुणी हात लावू शकलं नाही. मग बदललं काय?"

"दार."

"दार. मी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगते, लिहून झालेला मजकूर जागच्या जागी बदलत नाही. तुम्ही नवा तयार करता, आणि जुन्याच्या जेवढ्या प्रती आधी दिल्यात त्या तशाच राहतात. त्याने आजींच्या आणि या दाराला रेघेचा नवा मजकूर दिला, चिमणीआजींना नवं कार्ड दिलं. पण या खोलीच्या दोन जुन्या प्रती तुझ्या लखोट्यात होत्या, तिथे त्याचा हात पोहोचला नाही. खोली बंद, आत कोणी जाणार नाही, मॅनेजरांचं कार्ड वेगळं, तेव्हा कुणाला कळतंय, असं वाटलं असेल. नेहमीसारखी घाई केली."

मग ती बाकावर मॅनेजरांच्या शेजारी बसली आणि पदराने तोंड पुसलं. फौजदारांनी आपल्या बहिणीला इतकं हादरलेलं कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा तिनेच सगळ्यांना धरून ठेवलं होतं.

"मला आधी आजींचं राहिलेलं वाक्य ऐकायचंय," ती म्हणाली. "गणिताच्या बाई काय म्हणाल्या ते. सकाळपासून आजी सांगतायत आणि आपण त्यांना बोलू देत नाही."

६

झटपटला बाईंच्या दाराशीच बोलावलं. व्हरांड्यात ताई, फौजदार, मॅनेजर, चिमणीआजी आणि एका टोकाला, शिपाई महिलेच्या शेजारी, सून उभी होती. फौजदारांनी जप्त केलेलं कार्ड दाराला लावून दाखवलं. लाल दिवा झटपटच्या डोळ्यांत पडला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

पण तो सावरला. पोरगा हुशारच होता.

"हो मॅडम," तो खाली मान घालून म्हणाला. "चूक होती. पडद्यावर मावावं म्हणून मी रेघ दाखवताना काढायच्या ऐवजी मुळातच काढली होती. काल सकाळी माझ्या लक्षात आलं. पोलीस येऊन गेले होते, मी घाबरलो आणि गुपचूप दुरुस्त केली. तुमच्याशी खोटं बोललो, त्याची शिक्षा द्या. पण चूक लपवणं वेगळं आणि खून वेगळा."

फौजदारांनी ताईकडे पाहिलं. म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं.

"काल सकाळी लक्षात आलं?" ताईने विचारलं.

"काल सकाळी."

"काल सकाळी सगळे समजत होते की बाई झोपेत गेल्या. खुनाचं संध्याकाळी कळलं. बरं, तेही सोडून देऊ. आजी, बाई काय म्हणाल्या होत्या?"

चिमणीआजींचा पट्टा पहिल्यांदाच सावकाश चालला. "माझं कार्ड घेऊन त्या पोस्टमास्तरच्या दाराला लावून आल्या. म्हणाल्या, आजी, तुमचं डोकं ठणठणीत आहे, दाराचं बिघडलंय. मी त्या पोराला आत्ताच सांगून आले. म्हटलं, उद्या पाहुणे येतील तेव्हा तू स्वतःच्या तोंडाने सांग. जिथे जिथे ही कुलपं लावलीस तिथे सगळ्यांना सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. हे त्या गेल्या त्याच सकाळी."

"आजींचं काय धरता, मॅडम?" झटपट घाईघाईने म्हणाला. "त्यांना काल-परवाचं आठवत नाही."

"त्यांचं आतापर्यंतचं शब्द न शब्द खरं निघालंय. खोटा निघालायस तो तू." ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मला एकच कळत नाही रे. तू माझ्याकडे यायचास तेव्हा एका मार्कासाठीसुद्धा दारात तासभर उभा राहायचास. मग त्यांना विनवलं का नाहीस? पाया पडला असतास, रडला असतास. म्हातारी बाई, पाघळली असती. दार तर तुझ्याच कार्डाने उघडत होतं."

"विनवणार कसा?" झटपट म्हणाला. "त्या घोरत होत्या."

चिमणीआजींनी तोंडावर हात ठेवला. झटपटला आपण काय बोललो ते ताईच्या डोळ्यांत दिसलं. तो दाराला पाठ लावून खाली बसला.

"मी बोलायलाच गेलो होतो, मॅडम," तो पुटपुटला. "खरंच बोलायला. स्वयंपाकी भाजी घ्यायला बाहेर गेला तेव्हा गेलो. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. आणि त्या झोपलेल्या. मला वाटलं, उठल्या तर नाहीच म्हणतील. कपाट उघडंच होतं."

सुनेच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. फौजदारांनी आयुष्यात चोर पाहिले, दारुडे पाहिले, रागाच्या भरात सुरे चालवणारे पाहिले. पण उत्तर 'नाही' येईल म्हणून प्रश्नच न विचारणारा हा पहिलाच.

संध्याकाळची गाडी आली आणि झटपटला घेऊन गेली. ताई त्याच्याकडे न बघता उभी होती. गाडी वळल्यावर ती सुनेजवळ येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

"मी तुम्हाला संशयित धरलं, वहिनी," फौजदार म्हणाले. "माफी मागायला तोंड नाही मला."

सुनेने मान हलवली. तिला ते ऐकू तरी आलं की नाही कोण जाणे.

"ती चूक केवढी होती हो?" तिने ताईला विचारलं.

"दोन आकड्यांमधली एक आडवी रेघ."

"आणि दुरुस्त करायला किती वेळ लागला त्याला?"

ताईला खोटं सांगावंसं वाटत होतं, पण ते तिला जमलं नाही. "चहा गार होईल, तेवढाही लागला नसेल."

सून समोरच्या गेटकडे बघत राहिली. सासू गेल्यापासून ती भांडली होती, उशीला धरून बसली होती, पोलिसांसमोर ताठ उभी राहिली होती. रडायला तिला कुणी वेळच दिला नव्हता.

"शाळेत आईंचा एक नियम होता," ती म्हणाली. "चूक ज्याने स्वतः येऊन दाखवली, त्याचे मार्क त्या कधी कापायच्या नाहीत. याचेही कापले नसते हो त्यांनी."

आणि मग ती ताईच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली.